आवडाबाईचे शीड आणि महाराजांची छाटी

देवकुंडी नदी समुद्राला मिळण्याआधी एक मोठे वळण घेते, आणि त्या वळणावर माडबंदर वसले आहे. माडबंदरचे लोक त्याला शहर म्हणत. शहराला नगरपालिका होती, मनोऱ्यावर घड्याळ होते आणि ते कधीमधी चालतही असे. बाकी गावाचा जीव घाटावर. त्या घाटाला लागून उंडीचे एक जुने झाड आहे, त्याच्याभोवती दगडी पार. पैलतीराहून माणसे आणणारी तर, म्हणजे उताराची होडी, तिथेच लागत असे. एके दिवशी त्या तरीतून महाराज उतरले, उंडीखाली टेकले आणि पुढची बारा वर्षे तिथून हलले नाहीत. नाव विचारले तर हसत. मग लोकांनीच त्यांना तरीवरचे महाराज म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या अंगावर एक धोतर आणि खांद्यावर एक भगवी छाटी असे. याखेरीज त्यांचे म्हणावे असे जगात काही नव्हते.

त्या उंडीच्या सावलीत आवडाबाई शिडे शिवायला बसे. तिचा नवरा सुकाजी कुबल हा बंदरातला नावाजलेला शिडवाला. त्याच्या हाताखाली ती पंधरा वर्षे शिवत होती, पण नाव नवऱ्याचे. सुकाजी वारला तेव्हा त्याची जाड सुई आणि तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा तिच्याकडे राहिला. माहेरी जायला माहेर उरले नव्हते आणि दुसरे काही तिला येत नव्हते. ती सकाळी पार झाडी, महाराजांच्या पायांवर डोके ठेवी आणि कापड मांडीवर घेई. सुई आत गेली की एक नाम, बाहेर आली की एक नाम. महाराजांनी तिला दुसरी उपासना कधी सांगितली नाही. लोक मात्र म्हणत, की बाई टाके कमी घालते आणि नाम जास्त घेते. नवीन शीड तिला कोणी देत नसे, फाटकी शिवायला देत.

माडबंदरात नव्या शिडाची एक चाल होती. शीड तयार झाले, की ते मचव्यावर चढवून घाटापासून कासवखडकापर्यंत एक लहानशी फेरी मारायची. जेमतेम अर्ध्या तासाची. पण त्या फेरीला वल्ही काठावर ठेवायची, शिडाच्या भरवशावर जायचे आणि त्याच भरवशावर परत यायचे. शिवाय ज्याने शीड शिवले, त्याने डोलकाठीच्या बुडाशी बसायचे. बुडायची वेळ आली तर पहिला तो. मचवा सुखरूप परतला, की मालकाने शिवणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा, म्हणजे शीड पसंत झाले. आपल्या कामाची हमी कागदावर लिहून देणारे पुष्कळ असतात, त्यावर स्वतः बसणारे थोडे. ही चाल ज्या कोणी घातली, तो माणसे ओळखून होता.

बंदरातले बडे प्रस्थ म्हणजे भास्करशेट. त्यांचे माल वाहणारे तीन मोठे पडाव आणि एक मचवा होता, आणि पाऊल जमिनीवर पडणार नाही इतका मान होता. हे अगदी अक्षरशः खरे. ओहोटीला घाटाखाली गुडघाभर चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून शेट कधी चालले नाहीत, दोन गडी त्यांना उचलून मचव्यात बसवीत. त्या वर्षी त्यांनी नवा मचवा बांधला. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी ठरवली आणि बाहेरगावच्या पाच व्यापाऱ्यांना आमंत्रणे धाडली. इतक्यात त्यांचा नेहमीचा शिडवाला अंथरुणाला खिळला. पौर्णिमा पंधरा दिवसांवर आलेली. तेव्हा शेटना उंडीखालची बाई आठवली.

कापड त्यांच्या वखारीतले होते. आवडाबाईने तागा उलगडला आणि तिच्या नाकाला ओलीचा वास आला. कापड दोन पावसाळे भिंतीला टेकून पडले होते. दिसायला पांढरेशुभ्र, पण बोटांत धरून ताणले की सूत कुरकुरायचे. तिने तागा परत गुंडाळला आणि शेटच्या ओटीवर जाऊन उभी राहिली.

"शेटनू, कापड कुजलेला आसा," ती म्हणाली. "ह्या वारो सोसूचा नाय. दुसरा द्या."

ओटीवर चार माणसे बसली होती. माणसे बसलेली असली, की शेटचा आवाज चढत असे. ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडा! सुकाजीन कधी कापडाक नावा ठेवलेली आठवत नाय माका." माणसे हसली. त्या हसण्याने शेटना आणखी सुचले. "ऐक. फेरी नीट झाली, तर माझी सगळी शिडा तूच शिवशीत. आणि शीड फाटला, तर ती सुई त्याच दिवशी नदीत टाकूची. परत हातात धरूची नाय. कबूल?"

आवडाबाईला नाही म्हणता आले असते. पण सुकाजी गेल्यापासून पहिल्यांदाच नवे शीड तिच्या हाती आले होते. ते सोडले तर पुढे कोण देणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने मान हलवली.

मग तिने तिच्याने होईल ते सगळे केले. एकेरी शिवण असते तिथे दुहेरी घातली, सुताला मेण लावले, काठाचा दोर वीत वीतभर तपासून टाचला. पुढच्या खालच्या कोपऱ्यावर शिडाचा सगळा भार येतो. नेमका तिथला तुकडा इतका सडलेला होता, की सुई लावताच त्याचा भुगा झाला. तेवढा तिने कापून टाकला. हातभर कापड कमी पडले. मागायला गेली, तर शेटच्या कारभाऱ्याने दारातूनच वाटेला लावली. उद्या फेरी आणि शिडाला कोपरा नाही. ती परत येऊन पारावर बसली. डोळ्यांतले पाणी शिडावर पडू नये, म्हणून तिने तोंड दुसरीकडे फिरवले.

महाराजांनी खांद्यावरची छाटी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ह्या तुमच्या अंगावरचा, महाराज," ती दचकून म्हणाली. "माझ्यान् घेवचा नाय."

महाराज म्हणाले, "अंगावर आहे तोवर ती माझ्या एकट्याची. शिडाला लागली, तर आत बसतील त्या सगळ्यांची. शीव."

छाटी धुऊन धुऊन विरलेली, दिव्यापुढे धरली तर पलीकडचे दिसावे इतकी. आवडाबाईच्या हाताला ते समजत होते. तरीही तिने घडी घालून ती चौपदरी केली आणि पांढऱ्या शिडाच्या कोपऱ्याला तो भगवा तुकडा बसवला. शेवटची गाठ मारून सुई पदराच्या टोकाला टोचली.

दुसऱ्या दिवशी घाटावर गर्दी लोटली. मचव्याला फुलांच्या माळा, पाहुण्यांना पेढे, सगळे यथास्थित चालले होते. शीड वर चढले आणि कोपऱ्यातले ठिगळ सर्वांना दिसले. कोणीतरी फिस्सकन हसले. पाहुण्यांपैकी एकाने विचारले, की नव्या शिडाला ठिगळ लावायची इकडे पद्धत आहे का? भास्करशेट लालबुंद झाले.

"गोसाव्याची चिंधी माझ्या डोलकाठीवर?" ते ओरडले. "काढ ती."

काढली तर शीड बांधायला कोपराच उरत नव्हता. शिवाय बाहेरगावची माणसे घाटावर उभी. शेटना गप्प बसावे लागले, पण त्यांनी ते मनात ठेवले. विधवा बाई पहिल्या फेरीला नको, असेही कारभाऱ्याने सुचवून पाहिले. त्यावर बुधाजी तांडेल म्हणाला, की शिवणारी बसणार नसेल तर सुकाणू दुसऱ्याने धरावे. बुधाजी साठीचा होता. सुकाणूवर बसल्यावर त्याच्यापुढे शेटचेही चालत नसे. गड्यांनी शेटना चिखलातून उचलून आत ठेवले. पाहुणे चढले. आवडाबाई शेवटी चढली आणि डोलकाठीच्या बुडाशी अंग चोरून बसली. महाराज उंडीखाली उघड्या खांद्यांनी बसले होते. तिने तिथूनच हात जोडले.

जाताना काही झाले नाही. वारा बेताचा होता. घाट मागे गेला, घड्याळाचा मनोरा गेला, धोबी कपडे आपटीत होते ते दगड गेले. मचवा झोकात चालला होता. पाहुणे वाखाणणी करू लागले, तसे शेट खुलले आणि आवडाबाईकडे बोट दाखवून म्हणाले, की हिला म्हणे माझ्या कापडाला वास येत होता! पाहुणे हसले. आवडाबाई वर शिडाकडे बघत होती. पांढऱ्या कापडात एक बारीक सूत सुटलेले तिला दिसले, नंतर त्याच्या शेजारी दुसरे. तिला भीती वाटली, फार भीती वाटली. बोलायला तोंड उघडले, पण आता बोलून काय होणार होते?

कासवखडकाला वळसा घालताना डोंगरावरून वाऱ्यापावसाची झोड आली. श्रावणात ती अशीच येते, सांगून येत नाही. शीड एकदा पूर्ण भरले आणि मोठा आवाज करून उभे फाटले. बघता बघता त्याच्या पट्ट्या झाल्या आणि आडव्या काठीला लोंबून फडफडू लागल्या. वल्ही काठावर होती. ओहोटी जोरात लागलेली. मचवा वळला आणि पाण्याबरोबर नदीच्या मुखाकडे जाऊ लागला. मुखाशी खडकांची रांग आहे. तिथे फुटलेल्या होड्यांची फळकुटे अजून कधी कधी सापडतात.

पाहुण्यांपैकी एकजण रडू लागला. शेट मचव्याच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. आवडाबाईने डोळे मिटले. तिच्या मनात खडक आले नाहीत, सुई आली. वाचलो तरी सुई गेली, असे तिला वाटले. आणि सवयीने तिच्या ओठांवर नाम आले, सुई आत, सुई बाहेर, तसे.

"आवडे, वर बघ," बुधाजी म्हणाला.

शीड गेले होते, पण काठाचा दोर शाबूत होता, आणि त्या दोराला खालच्या कोपऱ्यात तो भगवा तुकडा तसाच होता. हातभर कापड ते. त्याने वारा धरला. तव्यावरच्या भाकरीसारखे ते टम्म फुगले आणि तसेच राहिले. मचवा थांबला. नंतर हळूच त्याचे तोंड फिरले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे आठ माणसे, नवा मचवा, समोरून ओहोटीचे पाणी, आणि विरलेल्या छाटीचा एक तुकडा. मचवा पाणी कापत घाटाकडे निघाला. बुधाजीने सुकाणूवर हात नुसता ठेवला होता. चाळीस वर्षे मी या नदीतून जातो, त्या दिवशी मला काही करावे लागले नाही, असे तो मरेपर्यंत सांगत असे.

त्या वेळी घाटावर काय चालले होते, ते काठावरच्या बायकांनी पाहिले. झोड आली तसे महाराज उठून उभे राहिले. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ आवळली, दोर धरावा तशी. पाऊस अंगावर घेत ते तसेच उभे होते. हाताच्या शिरा तटतटल्या होत्या. मचवा घाटाला लागला तेव्हा त्यांनी मूठ सोडली. तळहातावर दोराचा लालभडक वळ होता!

मचव्यातून पहिली आवडाबाई उतरली. लोक जयजयकार करीत होते, पण तिच्या कानात तो शिरत नव्हता. चिखल तुडवीत ती पाण्याच्या कडेला गेली, पदराला टोचलेली सुई काढली आणि हात वर केला. शीड फाटले होते. बोली तशीच झाली होती.

महाराज पारावरून म्हणाले, "शेट, बाई सुई टाकते आहे. टाकू द्यायची का, ते तुम्ही सांगा. पण आधी एकदा शीड बघून घ्या."

भास्करशेटनी वर पाहिले. काठीला पट्ट्या लोंबत होत्या. त्यांनी एक ओढून हातात घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. दोन पट्टे जिथे शिवले होते, तिथे प्रत्येक टाका जागच्या जागी होता. एकही शिवण उसवली नव्हती. फाटले होते ते मधले कापड. शेटनी त्याचा काठ चिमटीत धरून चोळला आणि त्यांच्या बोटांवर पांढरी भुकटी उरली.

गडी त्यांना उचलायला पुढे झाले. शेटनी त्यांना हाताने दूर केले आणि मचव्यावरून खाली पाय टाकला. गुडघ्यापर्यंत पाय रुतले, जरीकाठी धोतर चिखलाने भरले. माडबंदरने हे कधी पाहिले नव्हते. तसेच पाय उपसत ते पाराशी आले आणि महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराज दोन पावले मागे सरले.

"कापड माझं होतं," महाराज म्हणाले. "पण कापडाने काय होतं? तुमच्याकडे तागाभर होतं. ज्या टाक्यांवर तुम्ही परत आलात, ते तिचे आहेत. नमस्कार तिकडे करा."

शेट वळले. आवडाबाई अजून सुई हातात धरून पाण्याशी उभी होती.

"कापड कुजका होता," शेट म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेला. "ह्या बायेन माका सांगितलेला. मी आयकूक नाय."

त्यांनी मचव्यातला नारळ मागून घेतला. ते तिच्यापुढे चिखलात गुडघे टेकून बसले, नारळ तिच्या ओंजळीत दिला आणि सुईसकट त्या ओंजळीवर कपाळ टेकले.