कासवाचा शोध आणि साळुंकीची बातमी

मुलांनो, डोंगरांनी वेढलेल्या एका जंगलात एक मोठे तळे होते आणि त्या तळ्यात एक वयस्क कासव राहत असे. कासव फार अभ्यासू होते. एका उन्हाळ्यात तळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात त्याला बरेच बेडूक मरून पडलेले दिसले. ते का मेले, हे शोधून काढायचेच असे त्याने ठरवले. पुढचे आठ उन्हाळे ते रोज सकाळी पोहत त्या कोपऱ्यापर्यंत जाई, पाण्याचा रंग पाही, वारा कुठून येतो ते पाही आणि सगळे नीट लक्षात ठेवी. शेवटी त्याला उलगडा झाला. पश्चिमेचा वारा सलग चार-पाच दिवस वाहिला, की तळ्यावरचा हिरवा तवंग पूर्वेच्या कोपऱ्यात साचतो आणि तिथले पाणी विषारी होते. ओढा जिथे तळ्याला मिळतो, तिथले पाणी मात्र चांगलेच राहते.

काठावरच्या जांभळीवर एक खार राहत असे. तिला कासवाच्या कामाचे मोठे कौतुक होते. ती म्हणाली, "दादा, हे सगळ्यांना सांगायला हवं. पण जरा सोपं करून सांगा. आधी कुठलं पाणी प्यायचं नाही ते, मग कुठलं प्यायचं ते. बाकीचं मागाहून. हवं तर मी बसते तुमच्याजवळ, दोघं मिळून ठरवू." कासवाला ते लागले. "आठ उन्हाळ्यांचं काम दोन वाक्यांत उरकू? ज्याला समजून घ्यायचं आहे, तो बसून ऐकेल!"

दोनच दिवसांनी साळुंकी आली. जंगलभर बातम्या पोचवायचे काम तिचे. "कासवदादा, काहीतरी शोधलंत म्हणे! लवकर सांगा, मला अजून चार ठिकाणी जायचं आहे." कासवाने पहिल्या उन्हाळ्यापासून सुरुवात केली. मग वाऱ्याचे प्रकार सांगितले, मग तवंगाचे. मध्येमध्ये ते थांबे आणि म्हणे, "पण हे दर वेळी असंच होतं असं नाही हं. सहाव्या उन्हाळ्यात जरा निराळं झालं होतं." साळुंकी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहिली. तिसऱ्या उन्हाळ्याचे वर्णन चालू असताना 'विषारी' हा शब्द तिच्या कानावर पडला. तो तिला पुरेसा वाटला. पुढे ओढ्याकडच्या पाण्याची गोष्ट यायची होती, पण तोवर ती उडाली होती.

"तळ्याचं पाणी विषारी! खुद्द कासवाने शोधून काढलं!" दुपारपर्यंत ही बातमी साऱ्या जंगलात पसरली. हरणांचा कळप पाणी न पिताच निघाला. डोंगरापलीकडे नदी होती, पण वाटेत दीड दिवसाचे उघडे माळरान होते, आणि ऊन रणरणत होते. खारीने धावत येऊन कासवाला हे सांगितले. "मी असं म्हटलंच नव्हतं!" म्हणत कासव काठावर आले आणि कळपाच्या मागे चालू लागले. मुलांनो, कासव ते किती चालणार? संध्याकाळी ते माळाच्या कडेशी पोचले, तेव्हा समोर नुसती धूळ होती.

खारीने साळुंकीकरवी नदीवर खरे काय ते कळवले, तेव्हा चौथ्या दिवशी कळप परत आला. एका हरिणीबरोबर तिचे पाडस नव्हते. ते माळावरच तहानेने गेले होते. हरिणी कासवासमोर येऊन उभी राहिली.

"आम्ही नेहमी ओढ्याच्या बाजूला पाणी प्यायचो. तिथलं पाणी चांगलं होतं का?"

"चांगलं होतं," कासव म्हणाले.

"तुम्हाला ते ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तेवढंच आधी सांगायचं होतं ना, दादा." ती रागावली नाही. तिला रागवण्याचेही बळ उरले नव्हते. साळुंकी शेजारच्या फांदीवर मान खाली घालून बसली होती. "मी पण थांबायला हवं होतं," ती पुटपुटली.

पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला, तेव्हा कासवाने आपण होऊन खारीला हाक मारली. दोघांनी मिळून शब्द ठरवले, साळुंकीला बोलावले आणि तिच्याकडून दोनदा म्हणून घेतले : "पूर्वेच्या कोपऱ्यातलं हिरवं पाणी पिऊ नका. ओढ्याकडचं खुशाल प्या. का, ते जाणून घ्यायचं असेल तर कासवाकडे या." त्या उन्हाळ्यात कोणी आजारी पडले नाही, की कोणी जंगल सोडून गेले नाही. दोन ससे तर मुद्दाम येऊन आठही उन्हाळ्यांची हकीकत ऐकून गेले. सगळे कासवाची वाहवा करत होते. कासव मात्र ओढ्याच्या बाजूला पाहत राही. तिथे ती हरिणी रोज एकटीच येई, पाणी पिई आणि निघून जाई.

तात्पर्य : ज्ञान मिळवणे हे अर्धेच काम; ज्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, त्यांना समजेल अशा शब्दांत ते वेळेवर पोचवले, तरच ते पूर्ण होते.