ठकूआक्काची डागी रायफळ

मीठ अजून बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं, त्या काळची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती झाली ते आता कुणालाच सांगता येत नाही. घाटमाथ्यावर कुंभळवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात ठकूआक्का राहत होती.

आक्काचा बाप सिदोजी हा गावचा राखणदार. रानडुकरं पिकात शिरली की सिदोजीला हाक जायची. त्याच्याकडे ठासणीची जुनी बंदूक होती, आणि ती अशी देखणी की बघत राहावं. दस्त्यावर चांदीची वेल, नळीवर कोरलेला मोर. पाहुणे आले की रावजी पाटील ती मागवून घ्यायचे आणि ओसरीवर मिरवायचे. सिदोजीला मुलगा नव्हता, म्हणून दारू ठासायला आणि नेम धरायला त्यानं लेकीलाच शिकवलं.

मग एका पावसाळ्यात घाटात वाघ आला. असं म्हणतात, की तो चालला तर करवंदीचं पानसुद्धा हलत नसे, आणि त्यानं डरकाळी फोडली की खाली बंदरात बांधलेल्या होड्या दोर ताणून धरायच्या. आधी त्यानं बैल नेले, मग माणसं. मिठाचे तांडे यायचे थांबले. गावातलं मीठ संपलं. बाया आमटीत चिंच वाढवू लागल्या, पोरं ताटावर बसून रडू लागली, आणि गुरं चाटायला काही मिळेना म्हणून भिंती चाटू लागली.

सिदोजी बंदूक घेऊन घाटात उतरला. वाघ समोर आला. सिदोजीनं चाप ओढला, घोडा पडला, आणि नुसतं ‘खट’ झालं. दारू सादळली होती. गावकऱ्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळून वर आणलं. बंदुकीला मात्र साधा ओरखडाही नव्हता.

ठकूआक्का तेव्हा रडली नाही, असं म्हणतात. पण ते खरं नसावं. बाप गेल्यावर कोण रडत नाही?

गावानं ठरवलं, आता नवी बंदूक घ्यायची. कुणी धान्य दिलं, कुणी तूप, कुणी बांगडी. त्या दिवसांत नव्या तऱ्हेची बंदूक निघाली होती, नळीला आतून आटे पाडलेली, काडतुसावर चालणारी. तिला रायफल म्हणत. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत रायफळ. एकीनं तर विचारलंही, “अगं ठकू, ती जायफळासारखी उगाळायची असते का?”

बंदरात हसनमियां उस्ताद म्हणून बंदुका घडवणारे होते. ढोल बडवत, आरोळ्या देत मोठा जमाव घाट उतरला, म्हणजे वाघ जवळ येणार नाही. त्या जमावाबरोबर आक्का गेली. उस्तादांनी रायफल तेलकट फडक्यात गुंडाळून तिच्या हातात ठेवली. जमावाला अंधाराआधी घर गाठायचं होतं, म्हणून आक्कानं फडकं सोडूनही पाहिलं नाही.

ते सुटलं चावडीवर, सगळ्या गावासमोर.

काय सांगावं! नळीवरचा काळा मुलामा मध्येच उडालेला, आणि तिथं तळहाताएवढा जांभळट चट्टा. दस्ता अर्धा तांबूस, अर्धा फिका, आणि त्यावर पॉलिशाच्या गुठळ्या. काडतूस आत सरकवायचा जो खटका, त्याच्यापाशी कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले.

“ठकू,” रावजी पाटील म्हणाले, “नवी आणलीस ना? का कुणी वापरून टाकलेली उचलून आणलीस?”

कुणीतरी हसलं. ज्या बाईनं बांगडी दिली होती ती उठून गेली. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन तिनं तो चट्टा तेलानं घासला, राखेनं घासला. चट्टा काही जाईना. तिलाही देखणी वस्तू आवडायचीच की! बापाच्या बंदुकीशेजारी तिनं ही ठेवली, आणि लगेच उचलून दूर कोपऱ्यात उभी केली.

“एक बार उडवून बघते,” ती पाटलांना म्हणाली.

“अजिबात नाही. एकदा उडवली की वापरलेली झाली. मग उस्ताद परत घेईल होय? मी स्वतः येतो. ही त्याच्या पदरात टाकू आणि चांगली घेऊन येऊ.”

पुन्हा जमाव निघाला. पुढं ढोल, मध्ये पाटील, आणि त्यांच्यामागं आक्का. निघताना तिनं रायफल भरून घेतली. पाटील म्हणाले, “भर, पण उडवू नकोस.”

अर्ध्या घाटात धुक्यानं वाट झाकली आणि पाऊस असा कोसळला की ढोलांची कातडी भिजून सैल पडली. टिपरू मारलं तर ओल्या घोंगडीवर मारल्यासारखा आवाज. थोड्या वेळानं तोही येईना. घाट गप्प झाला.

आणि वरच्या दरडीवरून वाघ पाटलांवर पडला.

ढोलवाले वाट फुटेल तिकडं पळाले. आक्कानं रायफल खांद्याला लावली. नळीवरून पाण्याच्या धारा वाहत होत्या. दस्त्याची गुठळी तिच्या गालाला टोचत होती. चापावर बोट ठेवलं आणि तिच्या कानात ते ‘खट’ वाजलं. बापानं शेवटचं ऐकलेलं. क्षणभर तिचं बोट हलेना. मग तिनं डोळे उघडे ठेवले आणि चाप ओढला.

बार झाला! वाघ पाटलांना सोडून वळला आणि थेट तिच्यावर आला. तिनं खटका मागं खेचला, तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. दुसरं काडतूस आत गेलं. दुसरा बार झाला. वाघ तिच्या पायांशी येऊन पडला, तो पुन्हा उठला नाही.

असं म्हणतात, की त्या बारांचा आवाज दरीत सांजेपर्यंत घुमत होता. असंही म्हणतात, की पाऊस ऐकायला थांबला, गोळीनं धुकं मधोमध चिरलं, आणि घाटातल्या त्या जागेवरून माणसांना पहिल्यांदाच समुद्र दिसला. आजही स्वच्छ दिवशी तिथून समुद्र दिसतो. तेवढं तर मीही पाहिलंय.

पाटलांचा खांदा फाटला होता. आक्कानं पदर फाडून बांधला. ते चिखलात पडल्या पडल्या म्हणाले, “ठकू, उडवू नकोस म्हटलं होतं ना?” आणि हसता हसता रडायला लागले.

वैद्य बंदरातच होता, म्हणून परत आलेल्या ढोलवाल्यांनी पाटलांना झोळीत घालून खालीच नेलं. जखम बांधून झाल्यावर आक्का आणि पाटील उस्तादांच्या दुकानात गेले. रायफल पाहताच हसनमियांनी मान खाली घातली.

“आक्का, चूक माझी,” ते म्हणाले. “नळी आणि खटका नीट बसेपर्यंत मी जेवलो नव्हतो. पण मुलामा चढवायच्या वेळी अंगात ताप भरला आणि हात थरथरायला लागले. तुमची माणसं तर निघायला उभी. मी म्हटलं, आतलं चोख आहे, जाऊ दे. आता ठेवून जा. आरशासारखी करून देतो.”

“हात लावू नका तिला!” पाटील ओरडले.

आक्का मात्र विचार करून म्हणाली, “उस्ताद, चट्टा राहू दे. ही गुठळी तेवढी तासून द्या. गाल सोलवटतो हो.”

उस्तादांनी तिथल्या तिथं गुठळी तासून दिली. आणि आक्का-पाटील परतताना त्यांच्यामागं घाटात मिठाचे बैल लागले होते, पार नजर पोचेल तिथपर्यंत. त्या दिवशी कुंभळवाडीत घराघरांत आमटी पुन्हा आमटीसारखी लागली. बांगडी दिलेली बाई आक्काकडे आली आणि रायफळीच्या जांभळ्या चट्ट्यावर तिनं हात फिरवला. आक्कानं तिला जेवू घातलं.

पुढं आक्का म्हातारी होईपर्यंत गावची राखणदार होती. ती रायफळ एकदाही चुकली नाही, असं म्हणतात. चट्टा दुरून दिसला की डुकरांचे कळप बांधावरून मागं फिरायचे, असंही म्हणतात. आक्का गेली ती झोपेतच, सुखानं. रायफळ सरकारात जमा झाली असं काहीजण सांगतात, काहीजण म्हणतात तिच्याबरोबरच गेली.

पण कुंभळवाडीत अजून एक रीत आहे. दसऱ्याला इतर गावांत अवजारं घासूनपुसून पूजेला मांडतात. इथं आधी सगळं देवळासमोरच्या माळावर आणतात आणि चालवून दाखवतात. कोयत्यानं लाकूड तोडायचं, पंपानं पाणी फेकायचं, मोटारसायकलीला लाथ मारायची, चक्कीचा पट्टा फिरवायचा. कान किटतील असा गलका होतो, आणि त्याला ‘आक्काचा बार’ म्हणतात. जे चाललं त्यालाच हळद-कुंकू.

गेल्या दसऱ्याला शेलारांच्या नव्या सुनेनं माहेरहून आणलेलं शिलाई मशीन माळावर ठेवलं. वाटेत टेम्पोत आपटून त्याचा रंग उडाला होता, म्हणून पोरगी अवघडून उभी होती. एका म्हातारीनं तिच्या हातात आपलं फाटलेलं लुगडं दिलं. सुनेनं पाय चालवले, शिवण सरळ धावली, आणि म्हातारीनं ओरडून सांगितलं, “आणा गं कुंकू, आक्काच्या नावानं!”