एकाच साडीतल्या बाई

बार्शीच्या निवृत्त शिक्षिका शकुंतलाबाई देवणे मोबाइलवर व्हिडिओ टाकायच्या, ‘नवं घेण्याआधी आहे ते वापरा.’ गावातल्या बायकांना ते इतकं पटलं की धनपालशेठांचं साड्यांचं दुकान ओस पडलं. शाळेच्या समारंभात शेठनी बाईंना सगळ्यांदेखत गाठलं.

“बाई, दर व्हिडिओत हीच साडी! आमच्या पोटावर पाय का देता?”

बाईंना वाईट वाटलं, पण त्या हसून म्हणाल्या, “शेठ, ही तुमच्याच दुकानातली. ‘वीस वर्षं विटणार नाही, माझा शब्द,’ असं तुम्हीच म्हणाला होतात. आत्ता कुठे बारा झालीत. आधीच नवी घेतली, तर तुमच्या शब्दाला काय किंमत राहील?”

एकच हशा पिकला. आता स्वतःच्या मालाला वाईट कसं म्हणायचं? शेठनाही हसू फुटलं. हात जोडून म्हणाले, “मग निदान व्हिडिओत दुकानाचं नाव तरी घ्या!”