मागच्या माणसाची भाकरी

"आम्ही आधी आलो, आधी बसलो, आणि पहिली भाकरी त्या करवंदवालीला? हे हॉटेल आहे की तमाशा?" गाडीतून उतरलेले साहेब तावातावाने बोलत होते.

"तमाशाला तिकीट लागतं, साहेब. इथं नुसतं बसावं लागतं," तव्यावरची नजर न काढता मी म्हणाले. "बसा. उपाशीपोटी ओरडलात तर उचकी लागेल."

मिठाच्या खिंडीतलं हे आमचं हॉटेल. पाटीवर नाव 'मागचा माणूस'. आत टेबलांच्या मधोमध काळा धोंडा उभा आहे. धोंडा आधीचा, छप्पर नंतरचं. त्याच्या माथ्यावर भाकरीएवढा खळगा. चुलीवरची पहिली भाकरी त्यात ठेवायची, आणि त्यानंतर दारातून जो पहिला आत येईल त्यानं ती खायची. आधी बसलेल्यांनी थांबायचं. गिऱ्हाईक गाडीतून आलं की पायी, हे धोंडा विचारत नाही. मीही विचारत नाही.

साहेबांना पटेना. मग त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते.

फार मागं इथं रस्ता नव्हता, बैलांची वाट होती. खिंडीत चिमाई नावाची बाई झोपडी घालून एकटी राहायची. तिचा नवरा याच चढणीवर सोबत्यांच्या मागं पडला होता, म्हणे. तो वर पोचला तेव्हा पुढच्यांनी जेवून हात धुतले होते. या धोंड्याला टेकला, तो उठलाच नाही. चिमाईनं धोंड्यावर हात ठेवून शब्द दिला: माझ्या चुलीवरची पहिली भाकरी मागून येणाऱ्याची.

पुढं दुष्काळ पडला. कोकणातून मिठाचे बैल घेऊन रावजी नावाचा म्होरक्या भर दुपारी खिंडीत आला. बैलांच्या पाठीवर मीठ, माणसांच्या पोटात आग. वर पोचलं की आधी बैल मोजायचे, ही त्या लोकांची रीत. रावजीनं मोजले, सगळे भरले. मग तो झोपडीशी आला. चिमाईच्या मडक्यात एका भाकरीपुरतंच नाचणीचं पीठ उरलं होतं. तिनं ती भाकरी भाजली आणि स्वतः उपाशी असून खळग्यात नेऊन ठेवली.

रावजी भडकला, असं सांगतात. "माझी माणसं चक्कर येऊन पडतायत, आणि तू धोंड्याला जेवू घालतेस?" त्यानं भाकरीला हात घातला. चिमाई आडवी आली आणि एकच वाक्य बोलली.

रावजीचा हात तिथंच थांबला. त्यानं वळून आपल्या माणसांकडे पाहिलं, एकेका तोंडावरून नजर फिरवली. बैलांमागून चालत येणारी त्याची म्हातारी आई त्यांच्यात नव्हती. घुंगरांच्या गलक्यात म्हातारीची हाक कुणालाच ऐकू आली नव्हती.

माणसं खाली धावली. चढणीच्या पायथ्याशी पडलेल्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन वर आली, तोवर दिवस कलला होता. वारा असा की चुलीतला जाळ आडवा होत होता. आणि दुपारची ती भाकरी खळग्यात वाफाळत होती, म्हणे, नुकतीच तव्यावरून उतरल्यासारखी! चिमाईनं ती पाण्यात कुस्करून भरवली. म्हातारीनं डोळे उघडले. रावजीनं गोणी सोडली, चिमूटभर मीठ खळग्यात ठेवलं आणि धोंड्यावर कपाळ टेकलं. कपाळाला चटका बसला.

आजही धोंडा गरम आहे. थंडीत ड्रायव्हर लोक त्याला टेकून पाठ शेकतात. खाली विस्तव नाही. मी स्वतः खणून पाहिलंय, कारण ऐकीव गोष्टीला मान डोलावणारी बाई मी नव्हे. खणलं, आणि मग मुकाट्यानं हात जोडले. आजही भाकरी खाणारा उठताना पुढच्यासाठी चिमूटभर मीठ ठेवतो. करवंदवाली ठमाबाईसुद्धा ठेवूनच उठली.

साहेबांनी धोंड्याला तळहात लावला. चटकन काढला. पुन्हा लावला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. तरी पुटपुटलेच, "पण आजी, आधी आम्ही आलो होतो."

तेव्हा चिमाईनं रावजीला ऐकवलेलं ते वाक्य मी त्यांना ऐकवलं:

"बैल मोजलेस ना, रावजी? आता माणसं मोज."