उभ्या गाडीचं माप

“...‘उभ्या गाडीचं माप’ असंच छापलंय का न्हाई नियमाच्या पुस्तकात? सांगा की वस्ताद! छापलंय का न्हाई?”

भूपाल मगदूम चिडला की आधी त्याचे कान लाल होतात. त्या दुपारी मानेपर्यंत लाल झाला होता.

बाबालाल वस्ताद कार्बोरेटर धूत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“छापलंय,” ते म्हणाले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं हे गॅरेज. रेसची गाडी बांधायची तर इथंच, असं माणसं म्हणत. भूपाल बारा वर्षं इथं शिकला, मग स्वतःचं शेड टाकलं, आणि यंदा त्यानं एक गाडी बांधली.

गाडीत एक खटका होता. ओढला की स्प्रिंगखालचं तेल मागं सरकायचं आणि धावती गाडी दोन इंच खाली बसायची. खाली बसलेली गाडी वळणावर कलत नाही. खटका सोडला की गाडी पुन्हा वर.

नियम म्हणत होता, गाडीचं पोट जमिनीपासून चार इंच वर हवं. शनिवारी पंचांनी उभ्या गाडीखालून चार इंची लाकडी गुटका सरकवला. गुटका आरामात गेला. पंचांनी खटकाही पाहिला, मान डोलावली, शिक्का मारला.

रविवारी भूपालचा मेव्हणा महावीर ती गाडी घेऊन पहिला आला.

हरलेल्यांनी हरकत घेतली आणि कमिटीनं तासाभरात कप काढून घेतला. शनिवारी पास केलेली गाडी रविवारी नापास! हरला असता तर त्या खटक्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. सांगताना माझंही डोकं फिरतं.

आज पाच वाजता सुनावणी होती. निकाल फिरला तर कप परत, आणि पंधरा दिवसांनी त्याच खडकाळ मैदानावर त्याच गाडीनं फायनल.

भूपालनं अर्ज पुढं धरला.

“नियम तुमी लिवलाय. तुमची सही असली तर कमिटीच्या बापाला ऐकावं लागंल.”

“उभ्या गाडीचं का लिवलं, ठाव हाय?”

“का?”

“पळत्या गाडीखाली गुटका घालता येत न्हाई म्हणून.”

“ती माझी चूक न्हवं!”

“न्हवंच,” वस्ताद म्हणाले. “चल, गाडी बघू.”

गाडी दारात उभी होती. वस्तादांनी खिळ्यावरचा जुना गुटका काढला, गुडघे मोडून बसले आणि तो पोटाखालून सरकवला. आरपार गेला.

“बघा!” भूपाल म्हणाला.

वस्तादांनी गुटका बाजूला ठेवला. उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा वर ठेवला आणि ती मूठ गाडीच्या पोटाखाली उभी धरली. बरोबर चार इंच भरली.

“बस गाडीत. खटका ओढ.”

भूपाल बसला. खटक्याला हात लावला आणि थांबला.

“हात काढा, वस्ताद.”

“का?”

“गाडी खाली येईल की!”

“नियमात चूक हाय का?”

“न्हाई.”

“मग ओढ.”

भूपालनं बाहेर वाकून खालच्या मुठीकडं पाहिलं.

“ओढ लेका! कमिटीपुढं छाती काढून सांगणार हाईस न्हवं?”

भूपालनं खटक्यावरचा हात काढला आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली.

“तुमी बी त्यांच्यातलंच!” तो ओरडला. “मी डोकं चालवलं ही चूक झाली का? चोरी केली का मी? लपवलं का? सगळ्यांसमोर केलं, नियम वाचून केलं! आणि तुमी मला असा खेळ दाखवताय!”

तो खाली उतरला, अर्ज भिरकावला. कागद तेलाच्या डागावर जाऊन पडला.

वस्ताद उठले. त्यांनी कागद उचलला, सदऱ्याला पुसला, आणि बॉनेटवर ठेवून सही केली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘गाडी नियमाप्रमाणे आहे.’

“घे. तुझंच खरं हाय. शनिवारी शिक्का मारायचा आणि रविवारी तोंड फिरवायचं, हा भेकडपणा झाला. पाच वाजता मी येतो. तिथंबी हेच सांगीन, आणि वरडून सांगीन.”

भूपालनं कागद घेतला. जिंकला होता तो. पण पाय दारातून हलेनात.

समोरच्या भिंतीवर एक पत्रा टांगलेला होता. गाडीच्या पोटाखालचा, गंजलेला, दगड लागून मधोमध उभा फाटलेला. वस्तादांचा धाकटा भाऊ दस्तगीर शर्यतीत जिवानिशी गेला, त्या गाडीचा. एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. बारा वर्षं त्या पत्र्याखाली बसून भूपालनं डबा खाल्ला होता.

“वस्ताद... दस्तगीरभाईंची गाडी किती उंच होती?”

वस्तादांनी कार्बोरेटर पुन्हा हातात घेतला.

“दोन इंच. स्प्रिंगा मीच कापल्या होत्या.”

“आणि नियम?”

“न्हवता. तिसऱ्या दिवशी लिवला. घरात माणसं बसायला आली होती, तवा.”

भूपालनं कागदाकडं पाहिलं. मग दाराबाहेरच्या गाडीकडं. महावीर सकाळीच फायनलसाठी नवं हेल्मेट आणायला गेला होता.

तो वळून पत्र्यापाशी गेला.

“मग त्या गाडीवर,” भूपालनं शेवटी विचारलं, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला, “कुणीच हरकत घेतली न्हाई?”

वस्तादांनी हातातला ब्रश रागानं डब्यात आपटला. पेट्रोल त्यांच्या पायांवर उडालं.

“कुणीबी न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”