वेलाचे सांधे

डोंगरापलीकडच्या एका गावात अशी रीत होती, की नव्या घराच्या भिंतीवर वेल चढल्याशिवाय त्या घरात चूल पेटवायची नाही. छप्पर थोडं गळकं असलं तरी चालेल, पण वेल हवाच. त्यामुळे कुणी घर बांधलं, की सुतार आणि गवंडी उठून गेल्यावर बोलावणं जायचं ते भिवा रंगाऱ्याला.

भिवाकडे एक साचा होता, दाराच्या फळीएवढा मोठा. जाड कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यांना जवसाचं तेल पाजून उन्हात वाळवायचं आणि मग धारदार सुरीने त्यातून नक्षी कापून काढायची, असा तो केलेला होता. तो भिंतीवर ठेवून गेरूत बुडवलेला कापडाचा बोळा थोपटला, की कापलेल्या जागेतून रंग भिंतीवर उतरायचा. साचा उचलला की मागे डाळिंबाच्या नक्षीचा वेल आणि त्यावर बसलेले पोपट. मग साचा पुसायचा, पुढे सरकवायचा आणि पुन्हा थोपटायचं. असा तो पंचक्रोशीतल्या सगळ्या भिंतींवरून फिरून आला होता.

हा साचा भिवाच्या बायकोच्या, ठकूच्या वडिलांनी कापला होता. लेकीच्या लग्नात त्यांनी दुसरं काही दिलं नाही, देण्यासारखं काही नव्हतंच. ते गेल्यावर ठकूकडे त्यांची म्हणून तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि दोघांचं पोटही तिच्यावरच चाललं होतं.

आता साच्याची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कागदात गोल कापलं, तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून पोपटाचा डोळा, डाळिंबाचे दाणे, पानांच्या शिरा असले आतले तुकडे जागेवर राहावेत यासाठी मधे मधे बारीक पट्ट्या न कापता सोडाव्या लागतात. रंगारी त्यांना सांधे म्हणायचे. जिथे सांधा, तिथे रंग जात नाही, त्यामुळे साचा उचलल्यावर वेल जागोजागी तुटलेला दिसतो. भिवा साचा घेऊन पुढे जायचा आणि ठकू मागून बारीक कुंचल्याने त्या तुटलेल्या जागा भरत यायची.

भिवाचं काम झपाट्याचं. सकाळी कोरी असलेली भिंत जेवणवेळेपर्यंत वेलाने भरून जायची. बघायला जमलेले लोक वाहवा करायचे आणि भिवाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ठकूचं काम मात्र लोक घरी गेल्यावरही चालूच असायचं, तेही दुसऱ्या दिवसापर्यंत. भिवा सामान बांधून ओसरीवर बसायचा आणि आतल्या आत धुमसायचा. एवढ्याशा कामाला इतका वेळ कसा लागतो, हे त्याने बायकोला कितीदा तरी विचारलं होतं. ठकू उत्तर द्यायची नाही. कुंचला हातात असताना बोललं की हात हलतो, हे एक कारण. आणि भांडल्याने सांधे काही लवकर भरत नाहीत, हे दुसरं.

त्या वर्षी राणीसाहेबांचा नवा महाल बांधून झाला. त्यांचा कारभारी भिवाला बोलवायला स्वतः घरी आला. दसऱ्याला राणीसाहेब महालात राहायला जाणार, त्याआधी मोठ्या दालनात वेल चढलेला हवा, आणि तो पसंत पडला तर संस्थानातल्या सगळ्या महालांचं काम भिवालाच मिळेल, असं त्याने सांगितलं. एवढं ऐकल्यावर भिवाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

ठकूने दालनाच्या भिंती बघितल्या. दोघांच्याने हे वेळेत होणार नाही, असं तिला स्पष्ट दिसलं. गावातल्या दोघी जणींना हाताशी घेऊ, सांधे कसे भरायचे ते मी त्यांना शिकवते, असं ती म्हणाली. भिवाला ते रुचलं नाही. राजवाड्याचं काम मिळालेलं, त्यात आणखी वाटेकरी कशाला?

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. सांधे नसतीलच, तर भरायचे कशाला? वेल मुळातच अखंड उतरेल आणि मागून कुणी यायची गरजच उरणार नाही. त्याने सुरीला धार लावायला घेतली, तेव्हा ठकूला अंदाज आला.

"अहो, सांधे कापू नका," ती म्हणाली. "बाबांनी ते उगाच सोडले नसतील."

"तुझ्या बाबांना जमलं नसेल," भिवा म्हणाला. "आणि सांधे गेले तर तुला काम काय उरणार, याची तुला चिंता आहे."

हे शेवटचं वाक्य ठकूला फार लागलं. ती गेरू आणायला खाणीकडे निघून गेली.

भिवा अगदीच वेडा नव्हता. तुकडे गळून पडतील, एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्याने प्रत्येक तुकड्याला एकेक सांधा ठेवला आणि बाकीचे सगळे छाटून टाकले. साचा उचलून बघितला, तर एकही तुकडा पडला नाही. भिवाला वाटलं, सासऱ्यांना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं.

दुसऱ्या दिवशी दालनात त्याने बाभळीच्या काट्यांनी साचा भिंतीवर टोचला, रंग थोपटला आणि साचा उचलला. वेल जवळजवळ अखंड उतरला होता. कारभारी तिथेच उभा होता. त्याने मान डोलावली आणि ही खबर द्यायला तो जुन्या वाड्यावर, राणीसाहेबांकडे गेला. भिवाने विजयी मुद्रेने ठकूकडे बघितलं. ठकू साच्याकडे बघत होती.

मग नव्याने कापलेल्या, तेल न पाजलेल्या कडांतून कागद भिजायला लागला. एका सांध्यावर लटकलेले तुकडे ओले होऊन जड झाले आणि खाली झुकले. त्यांच्या मागे रंग शिरला. पोपटांचे डोळे आधी तिरळे झाले, मग चोचीपर्यंत घसरले. भिवा बोटांनी तुकडे दाबून धरायला लागला, तर बोटांचे ठसे भिंतीवर उमटले. साचा तसाच पुढे रेटावा म्हणून त्याने तो ओढला, तर डोळे आणि दाणे भिंतीलाच चिकटून राहिले. मधला आधार गेल्यावर साच्याला स्वतःचं वजन पेलवेना. तो कमरेत वाकला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटला.

कारभारी राणीसाहेबांना घेऊन आला, तेव्हा भिवा हातात ओला चोथा धरून उभा होता. राणीसाहेब रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवर चुना मारून घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्या गावचा रंगारी बोलावला.

घरी आल्यावर काही दिवस भिवाने रंगाच्या बोळ्याला हात लावला नाही. मग त्याच्या मनात आलं, साचा गेला तरी वेल तर भिंतीभिंतीवर आहे. त्यावरून नवा साचा कापता येईल. पाटलाच्या माजघरातल्या भिंतीवर पातळ कागद धरून त्याने वेल गिरवून घेतला आणि घरी येऊन कापायला बसला. कापता कापता पोपटाचा डोळा गळून पडला. मग दाणे गळले, मग शिरा गळल्या. कागदात नुसती भोकं उरली. सांधे कुठे ठेवायचे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. राजवाड्यासाठी कापताना ते नीट बघून ठेवायची गरज त्याला वाटली नव्हती.

तो पुन्हा पाटलाच्या घरी गेला. भरलेले सांधे कुठेतरी दिसतीलच, या आशेने भिंतीला नाक लावून त्याने वेल तपासला. बोट फिरवलं. कंदील आणून तिरप्या उजेडात बघितलं. एकही सांधा सापडला नाही. मग तो शेजारच्या घरात गेला, त्याच्या पुढच्या घरात गेला, आणि करता करता त्याने सगळं गाव पालथं घातलं. वेल सगळीकडे असा होता, जसा काही एका दमात भिंतीवर उगवला असावा.

घरी येऊन तो उंबऱ्यावरच बसला. ठकू तांदूळ निवडत होती.

"एकाही भिंतीवर सांधा दिसत नाही गं," तो म्हणाला.

"दिसला असता, तर भरला कशाला असता?" ठकू म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

भिवाला त्या क्षणी लाज वाटली. इतकी वर्षं लोक ज्या वेलाची वाहवा करत होते, तो त्याने एकट्याने कधी पुरा केलाच नव्हता. तुझ्या बाबांची वस्तू माझ्या हातून गेली, असं तो कसंबसं म्हणाला. ठकू तेव्हा रडली, साचा फाटल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर पाटलाच्या घरी गेली. सांधे तिलाही पाठ नव्हते. तिने कोरडा कुंचला घेतला आणि नेहमी भरायची तसा वेलावरून फिरवायला लागली. जिथे तिचा हात आपसूक थांबे, तिथे भिवा आपल्या कागदावर कोळशाने खूण करी. बहुतेक सांधे असे सापडले. एका पोपटापाशी मात्र तिचा हात घुटमळला आणि पुढे जाईना. तिथे दोघांनी मिळून आपल्या अंदाजाने सांधा ठेवला.

नवा साचा तयार झाला. राजवाड्याचं बोलावणं काही पुन्हा आलं नाही, पण गावात घरं बांधली जातच होती. पहिल्याच घरी भिवा म्हणाला, यावेळी सांधे मी भरतो, आणि कुंचला घेऊन मोठ्या जिद्दीने बसला. संध्याकाळी घरमालक आला, त्याने भिंत निरखली आणि वेल असा जागोजागी डागाळला कशाने, असं विचारलं. भिवाने कुंचला धुऊन ठकूच्या हातात दिला. मग तो तिच्या शेजारी बसला आणि ती कशी भरते, ते मुकाट्याने बघायला लागला.

तात्पर्य: चोख केलेलं काम बहुधा दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते फुकटचं समजून जो छाटतो, त्याला त्याची किंमत काम मोडल्यावरच कळते.