गाठीचा दोरा

जनावरं अजून माणसांशी बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. पाडव्याच्या संध्याकाळी द्वारकाकाकूंनी गुढी उतरवली आणि तिच्यावरची साखरेची गाठी ओट्यावर ठेवून त्या आत गेल्या. तेवढ्यात भुऱ्या कुत्र्याने ती दोऱ्यासकट गिळली. दोऱ्याचं एक टोक मात्र त्याच्या ओठाबाहेर लोंबत राहिलं.

"मी चोचीने ओढून काढतो," कावळा म्हणाला. "काकूंना पत्ताही लागणार नाही."

भुऱ्याने लगेच तोंड पुढे केलं.

"थांब," खुंट्याला बांधलेली शेळी म्हणाली. "माझा दोर बोरीच्या काट्यांत अडकला होता. मी जोर लावून ओढला, तसा फास आवळत गेला. गळ्यावरचा वण बघ. हा दोरा तुझ्या आत कशात अडकलाय, ते तुला दिसतंय का? काकूंना जाऊन सांग."

"पण चोरी कळेल."

"कळू दे."

भुऱ्या शेपूट घालून काकूंपुढे उभा राहिला आणि खरं ते बोलला. काकू चिडल्या, पण बडबडत का होईना, त्याला उचलून तडक गुरांच्या वैद्याकडे घेऊन गेल्या. वैद्याने त्याचा जबडा उघडला. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा बसला होता आणि दुसरं टोक पोटात उतरलं होतं; तो वेढा त्याने अलगद कापला.

"ओढला असता तर आतडं चिरलं असतं," वैद्य म्हणाला.

काही दिवसांनी आतला दोरा शेणाबरोबर आपोआप पडून गेला आणि भुऱ्या पुन्हा अंगणात उड्या मारू लागला. कावळा कुंपणावर येऊन बसला.

"शेवटी चोरी कळलीच ना?"

"कळली," भुऱ्या म्हणाला, "म्हणून तर वाचलो."